पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (पूर्ण नाव : रमाबाई बिपिन बिहारी मेधावी, माहेरचे आडनाव : डोंगरे, जन्म : २३ एप्रिल १८५८, मृत्यू : ५ एप्रिल १९२२, केडगाव) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, लेखिका आणि बायबलच्या मराठी भाषांतरकार होत्या. विधवा, परित्यक्ता, दुष्काळग्रस्त आणि लैंगिक शोषणाला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी मुंबई, पुणे व केडगाव येथे संस्था चालवल्या. वैधव्याने किंवा पूर्वायुष्याने स्त्रीचा देह कायमचा अपवित्र ठरतो काय, हा प्रश्न त्यांच्या धर्मविचाराच्या मुळाशी होता. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यामागे या प्रश्नाचे त्यांना शुभवर्तमानात सापडलेले उत्तर हे एक प्रमुख कारण होते.

बालपण आणि शिक्षण

रमाबाईंचा जन्म सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यात, आजच्या कर्नाटक राज्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण कुळातील संस्कृत पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, असे त्यांचे मत होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले, तेव्हा शास्त्रीमंडळींनी त्यास हरकत घेतली. पुढे लक्ष्मीबाईंनीच मुलीला संस्कृत शिकवले. बारा वर्षांच्या सुमारास रमाबाईंना भागवत पुराण मुखोद्गत होते.

कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणकथन करून निर्वाह चालवीत असे. लहान वयात मुलीचे लग्न लावून देण्याची रूढी वडिलांनी रमाबाईंच्या बाबतीत पाळली नाही. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांचा काही काळाच्या अंतराने मृत्यू झाला. त्यानंतर रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी बहुतांश पायी प्रवास करीत उत्तर हिंदुस्थान गाठला.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. याच काळात त्यांनी धर्मशास्त्राच्या ग्रंथांचा अभ्यास केला. हे ग्रंथ अनेक बाबतींत परस्परविरोधी असले, तरी स्त्रीजात स्वभावतःच अशुद्ध व अविश्वसनीय आहे आणि तिला स्वतंत्रपणे मोक्षाचा अधिकार नाही, या दोन मुद्द्यांवर त्यांचे एकमत दिसते, असा निष्कर्ष त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंदवला.

विवाह आणि वैधव्य

१८८० मध्ये श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मणेतर जातीतील असल्याने हा विवाह प्रतिलोम ठरला व दोघांनाही बहिष्कार सोसावा लागला. आसामातील सिल्चर येथे राहत असताना घरातील पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत मिळाली. एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याने त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टीची कथाही समजावून सांगितली. पुराणांतील सृष्टिकथांहून वेगळ्या असलेल्या या कथेचा त्यांच्या मनावर परिणाम झाला. परंतु पत्नीने ख्रिस्ती व्हावे हे बिपिन यांना मान्य नव्हते.

१६ एप्रिल १८८१ रोजी त्यांना मनोरमा ही कन्या झाली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिन बिहारी यांचे कॉलऱ्याने निधन झाले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पुढे त्यांनी पुनर्विवाह केला नाही.

पुण्यातील कार्य

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व अन्य सुधारकांच्या साहाय्याने त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी 'स्त्रीधर्मनीति' हा त्यांचा मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात स्वावलंबन, विद्या, प्रौढ वयातील विवाह, गृहव्यवस्था आणि अपत्यसंगोपन यांचा उपदेश आहे. ग्रंथ ख्रिस्ती होण्यापूर्वीचा असून त्याची चौकट पारंपरिक आहे.

शिक्षणविषयक हंटर आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली. स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज त्यांनी आग्रहाने मांडली. परपुरुषाकडून देहाची तपासणी करून घेण्यापेक्षा अनेक स्त्रिया उपचाराविना मरण पत्करतात, हे वास्तव या मागणीमागे होते. स्वतः वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने एप्रिल १८८३ मध्ये मुलीसह त्या इंग्लंडला निघाल्या. परंतु श्रवणदोषामुळे ते शिक्षण त्यांना घेता आले नाही.

इंग्लंड : फुलम आणि बाप्तिस्मा

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांची राहण्याची व्यवस्था केली. या संघाच्या भगिनी लंडनजवळील फुलम येथे तत्कालीन भाषेत 'पतित' म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी आश्रम चालवीत. रमाबाईंनी तो पाहिला. एकेकाळी समाजाने टाकलेल्या काही स्त्रिया आता आजारी व दुर्बळांची सेवा करीत आहेत, हे दृश्य त्यांना नवीन होते. मायदेशी अशा स्त्रियांविषयी दयेचा शब्दही त्यांनी कधी ऐकला नव्हता.

या स्त्रियांची काळजी ख्रिस्ती लोक का घेतात, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. पाच पती होऊन गेलेली आणि आता पती नसलेल्या पुरुषाबरोबर राहणारी ही स्त्री विहिरीवर येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो, तिचे पूर्वायुष्य तिला सांगतो आणि खऱ्या उपासनेविषयी तिच्याशी चर्चा करतो. यहुदी पुरुष परक्या समाजातील स्त्रीशी बोलत आहे याचे त्याच्या शिष्यांनाही आश्चर्य वाटते. अखेरीस तीच स्त्री आपल्या गावाला त्याची वार्ता सांगणारी ठरते. स्त्रीचा उद्धार करण्याचे सामर्थ्य या शिकवणीत आहे, अशी रमाबाईंची खात्री या कथेने झाली, असे त्यांनी पुढे लिहिले.

नेहेम्या (नीळकंठशास्त्री) गोऱ्हे या ख्रिस्ती झालेल्या पंडिताच्या पत्रांमुळे त्यांच्या तात्त्विक शंका कमी झाल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ख्रिस्ती शास्त्रातील देहविषयक शिकवण आणि रमाबाई

रमाबाईंच्या भूमिकेची पार्श्वभूमी समजण्यासाठी बायबलमधील काही शिकवणी लक्षात घ्याव्या लागतात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पुरुष व स्त्री दोघांनाही देवाच्या प्रतिरूपात निर्माण केल्याचे सांगितले आहे आणि सृष्टी, म्हणजे देहही, चांगली म्हटली आहे. जुन्या करारातील लेवीय नियमांत रजस्वला व प्रसूत स्त्री विधिदृष्ट्या अशुद्ध मानली जाते. मार्ककृत शुभवर्तमानात मात्र बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित असलेली स्त्री येशूच्या वस्त्राला स्पर्श करते. तो तिला दोष देत नाही, तर कन्या म्हणून संबोधून निरोप देतो. डोंगरावरील प्रवचनात वासनेने पाहणाऱ्याच्या अंतःकरणालाच व्यभिचाराचा दोष दिला आहे. त्यामुळे मोहाचे उत्तरदायित्व स्त्रीच्या देहावरून पाहणाऱ्या पुरुषाच्या मनाकडे येते. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीच्या कथेतही तिला दगड मारू पाहणाऱ्यांना आधी स्वतःच्या पापाचा विचार करावा लागतो.

पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर मानले असून व्यभिचार वर्ज्य सांगितला आहे. त्याच पत्रात पतीच्या देहावर पत्नीचा आणि पत्नीच्या देहावर पतीचा, असा परस्परांचा अधिकार सांगितला आहे. विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक आहे. अविवाहित राहणे हाही तेथे आदरणीय मार्ग मानला आहे. बालविवाह, सक्तीचे वैधव्य व केशवपन यांच्याशी झगडणाऱ्या विधवेला या तरतुदींचा अर्थ उघड होता.

याच नव्या करारात पत्नीने पतीच्या अधीन राहावे आणि स्त्रियांनी मंडळीत मौन पाळावे, अशी वचनेही आहेत. रमाबाईंना या दुसऱ्या बाजूचा अनुभव लवकरच आला. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये डोरोथिया बील यांच्याकडे शिकत असताना त्यांनी संस्कृत शिकवण्यास सुरुवात केली. तरुण पुरुषांनाही शिकवण्याचा विषय निघताच चर्चच्या धर्माध्यक्षांनी त्यास हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर त्यांच्या प्रतिष्ठेला बाध येईल, असे कारण पुढे करण्यात आले. मायदेशी पुरुषांच्या सभांत भाषणे केलेल्या रमाबाईंनी हा आक्षेप फेटाळला. त्रैक्याच्या सिद्धांताविषयीही त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला. धर्म स्वीकारला म्हणून सद्सद्विवेक कोणा पुरोहिताच्या हाती सोपवलेला नाही, ही त्यांची भूमिका कायम राहिली. शाकाहार आणि पांढरे सुती लुगडे त्यांनी आयुष्यभर सोडले नाही.

अमेरिका आणि ग्रंथलेखन

दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या. १८८७ मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीचे बालपण, विवाह व वैधव्य यांचे त्यात क्रमशः वर्णन आहे. विधवेचे केशवपन, एकभुक्त राहणे, अलंकार व रंगीत वस्त्रांचा त्याग आणि मंगलप्रसंगी तिचे दर्शनही अशुभ मानणे, या गोष्टींतून तिच्या देहालाच शिक्षा दिली जाते, असे ग्रंथाच्या मांडणीतून दिसते. पतीकडे नांदण्यास नकार दिल्यामुळे न्यायालयाने तुरुंगाची भीती घातलेल्या रखमाबाईंच्या खटल्याचाही त्यात उल्लेख आहे. ग्रंथाच्या प्रभावाने डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले व दहा वर्षे आर्थिक साहाय्याची हमी मिळाली. अमेरिकेतील समाजजीवनावरील त्यांचे मराठी प्रवासवर्णन १८८९ मध्ये प्रकाशित झाले.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले; पुढील वर्षी ते पुण्यास हलवले गेले. उच्चवर्णीय विधवांसाठीच्या या निवासी शाळेत धार्मिक तटस्थतेचे धोरण होते. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला व त्या आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

१८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेला नवे वळण मिळाले. बाप्तिस्मा घेऊन आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, पण ख्रिस्ताशी वैयक्तिक नाते जोडले नाही, असे त्यांना वाटू लागले. त्या आपली प्रार्थना खोलीचे दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली तीत सामील होत. यावरून धर्मांतराचा आरोप झाला. 'केसरी'ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये रानडे, रा. गो. भांडारकर आदी सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तटस्थतेचे आश्वासन पाळले गेले नाही, असे टीकाकारांचे म्हणणे होते; मुलींना स्वतःच्या इच्छेनुसार वागण्याचे स्वातंत्र्य आहे, अशी रमाबाईंची बाजू होती.

दुष्काळ, मुक्ती मिशन आणि कृपासदन

१८९० च्या दशकात रमाबाईंनी वृंदावनास भेट देऊन तेथील निराधार विधवांची स्थिती पाहिली. मोक्षाच्या आशेने आलेल्या अनेक तरुण विधवांचे तेथे लैंगिक शोषण होत असल्याचे त्यांनी लिहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. अन्नाच्या आमिषाने मुलींना फसवून नेणारे दलाल मदत-छावण्यांभोवती वावरत होते. तेथून त्यांनी सुमारे ३०० स्त्रिया व मुली आणल्या.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी 'बाँबे गार्डियन' या वृत्तपत्रात लिहिले आणि हा विषय ब्रिटिश संसदेपर्यंत पोहोचला. साथीमुळे नव्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते, म्हणून पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव (ता. दौंड) येथील जमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. १८९८ मध्ये तेथे 'मुक्ती'चे रीतसर उद्घाटन झाले. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या दीड हजाराहून अधिक झाली. आता संस्था उच्चवर्णीयांपुरती राहिली नव्हती. सर्व जातींच्या मुली एकत्र राहत, शिकत व जेवत.

लैंगिक अत्याचार सोसलेल्या किंवा समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी येथे 'कृपासदन' हा स्वतंत्र विभाग सुरू झाला. फुलम येथे पाहिलेल्या आश्रमाचेच हे मराठी भूमीवरील रूप होते. स्त्रीचे पूर्वायुष्य हे तिच्या देहावरील न पुसणारे लांच्छन मानले जात नसे. निवारा, उपचार, शिक्षण, काम आणि प्रार्थना यांतून तिला नवे आयुष्य मिळावे, ही कल्पना होती. त्याचबरोबर येथील नीतिनियम कडक होते. विवाहबाह्य संबंध हे पापच मानले जाई आणि पश्चात्ताप आवश्यक समजला जाई. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याची सोयही मुक्तीत होती. विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, तेलघाणी व छपाई अशा कामांतून स्त्रिया श्रम करून जगण्यास शिकत.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. शेकडो मुली तासन्‌तास रडत, मोठ्याने प्रार्थना करीत. या शारीरिक आविष्कारांवर काही मिशनऱ्यांनी टीका केली. हिंदुस्थानी स्त्रियांनी आपल्या पद्धतीने देवाची उपासना केली तर त्यात गैर काय, अशी रमाबाईंची भूमिका होती. जागतिक पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात या घटनेची नोंद घेतली जाते.

बायबलचे मराठी भाषांतर

रूढ मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर असून सामान्य स्त्रियांना ती कळत नाही, तसेच तिच्यातील काही शब्दांबरोबर हिंदू तत्त्वज्ञानातील अर्थ येतात, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि १९०४ च्या सुमारास मूळ भाषांवरून नवे भाषांतर हाती घेतले. संस्कृत पंडितेने मुद्दाम साधी बोली निवडावी, हे या कामाचे वैशिष्ट्य होय. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे मुक्तीतील स्त्रियाच करीत. ज्या स्त्रियांना एकेकाळी धर्मग्रंथ ऐकण्याचाही अधिकार नाकारला गेला होता, त्यांच्याच हातांनी हा ग्रंथ छापला गेला. संपूर्ण बायबल रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले.

अखेरची वर्षे

मनोरमाबाई संस्थेच्या कामात आईच्या प्रमुख साहाय्यक होत्या. त्यांनी गुलबर्गा येथे मुलींची शाळा सुरू केली. गुलबर्गा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आजचा धाराशिव (उस्मानाबाद) जिल्हाही त्याच संस्थानाचा मराठीभाषक भाग होता. १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे रमाबाईंचा मृत्यू झाला.

मूल्यमापन आणि वारसा

हयातीत रमाबाईंवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. हिंदू समाजातील अनेकांना त्या धर्म सोडून गेलेल्या वाटल्या. चर्चमधील काहींना त्या पुरेशा आज्ञाधारक वाटल्या नाहीत. त्यामुळे मराठी सुधारणेच्या इतिहासात त्यांना दीर्घकाळ दुय्यम स्थान मिळाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मीरा कोसंबी, उमा चक्रवर्ती आदी अभ्यासकांच्या लेखनामुळे त्यांच्या कार्याचा नव्याने विचार सुरू झाला.

त्यांच्या देहविषयक विचाराबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते पाप, पश्चात्ताप व पावित्र्य यांच्या भाषेमुळे स्त्रीच्या लैंगिकतेवरील नियंत्रण कायमच राहिले. इतरांच्या मते, क्षमेचा मार्ग खुला करून त्यांनी जन्म, वैधव्य किंवा अत्याचार यांमुळे लागणाऱ्या कायमच्या अशौचाची कल्पनाच नाकारली. पुरुषासाठी एक आणि स्त्रीसाठी दुसरी, अशी नीतीची दुहेरी मोजपट्टी त्यांना मान्य नव्हती, याविषयी मात्र फारसे दुमत नाही.

भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये रमाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शुक्र ग्रहावरील एका विवराला 'मेधावी' हे नाव देण्यात आले आहे. अँग्लिकन चर्चच्या दिनदर्शिकेत त्यांचा स्मरणदिन पाळला जातो. केडगाव येथील पंडिता रमाबाई मुक्ती मिशन निराधार स्त्रिया व मुलांसाठी आजही कार्यरत आहे.